सोमवारी सकाळचा निरोप : आजारपणाच्या रजेवर विश्वास कसा ठेवावा?

शेवंती

नमस्कार. बरेच दिवस मनात असलेला विषय मांडते आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्या पसरला होता, तेव्हा मलाही तो झाला. पहाटे उठताना पाऊल जमिनीवर टेकवेना आणि टूथपेस्टचे झाकण फिरवण्यासाठी नवऱ्याला हाक मारावी लागली. पावणेसातला मी साहेबांना निरोप पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आले, "ताप किती आहे? अकराच्या कॉलला तरी बसता येईल ना?" मी १०२ असे कळवले आणि कोणी मागितला नसताना तापमापकाचा फोटोही पाठवून दिला. त्या फोटोची खंत मला आजही वाटते. अकरा वाजता उशीला टेकून मी कॉलला बसले. पाचव्या दिवशी कामावर गेले, तर शेजारच्या टेबलावरून "झाली का विश्रांती?" असा प्रश्न आला. पुढे तीन महिने सांधे दुखत होते, परंतु त्या काळात मी एकही रजा मागितली नाही.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण निराळे आहे. एप्रिलपासून माझ्या हाताखाली सहा जण काम करतात. गेल्या सोमवारी सकाळी साडेसातला त्यांच्यापैकी एका मुलाचा निरोप आला, "मॅडम, बरं वाटत नाहीये, आज येऊ शकणार नाही." ते वाचताच माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की शनिवार-रविवारला जोडून घेतलेली दिसते. "नक्की काय होतंय?" असे उत्तर मी लिहिलेही होते. पाठवण्यापूर्वी पुसले, पण मनात आले ते आलेच. ज्या वागण्याने मला इतके दुखावले, तेच माझ्या बोटांवर इतक्या सहज कसे आले? तुमच्याकडे आजारी पडल्याचे कळवल्यावर काय होते, आणि ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत ते अशा निरोपाला काय उत्तर देतात, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

तांबडफुटी

माझ्याकडे "काळजी घे" आणि "लॅपटॉप जवळ ठेव" ही दोन वाक्ये नेहमी एकाच संदेशात येतात. त्यातले पहिले वाक्य मी आता वाचतच नाही.

लोहभट्टी

शेवंतीताई, मी भोसरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षे सुपरवायझर होतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूनेही थोडे सांगतो. सकाळच्या पाळीला सात वाजता प्रेस सुरू व्हायचे. पावणेसातला दोन माणसे कमी दिसली, की बदली कामगार शोधण्यात अर्धा तास जायचा आणि वरून उत्पादनाचा आकडा विचारला जायचा तो मलाच. त्यामुळे संशय हा माझ्या स्वभावाचा भागच होऊन गेला होता. लग्नसराईत, गावच्या जत्रेच्या दिवसांत आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी पोटे दुखतात, हे मला तोंडपाठ होते.

ती समजूत एका गोष्टीने मोडली. एक मुलगा अंगात ताप असताना आला, कारण आदल्या महिन्यात दोन दिवस घरी राहिल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो. तापाची आणि सर्दीची गोळी घेऊन तो प्रेसवर उभा राहिला. सर्दीच्या गोळीने झापड येते. दहाच्या चहापूर्वी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारे कवच, नीट नव्हता, हा दोष कारखान्याचा होताच, पण त्या दिवशी त्याने घरी राहायला हवे होते आणि माझ्या धाकाने तो आला होता. दवाखान्यात त्याच्या आईने मला पाणी दिले, तो ग्लास माझ्या हातात तसाच राहिला.

त्यानंतर मी एक साधी गोष्ट पाहू लागलो, ती म्हणजे माणसे खोटे का बोलतात. भाचीचे लग्न आहे असे सांगून रजा मागितली, तर आम्ही ती नाकारत होतो. ताप आहे असे सांगितले, तर नाइलाजाने देत होतो. खरे कारण सांगणाऱ्याला नकार आणि आजाराचे सांगणाऱ्याला होकार, अशी घडी आम्हीच घालून दिली होती. मग मी भाचीच्या लग्नाला रजा देऊ लागलो. अट एकच, आठ दिवस आधी सांगायचे. दुसऱ्या वर्षापासून सोमवारचे ताप माझ्या डोळ्यांदेखत कमी झाले.

आडवाट

लोहभट्टी काकांचा अनुभव मोठा आहे, परंतु या धाग्यात एक बाजू राहून जाते आहे, म्हणून थोडे विरोधात लिहितो. आमच्या शाखेत काउंटरवर तिघे जण असतो. एक जण दरवर्षी डिसेंबरमध्ये उरलेल्या आजारपणाच्या रजा मोजून घेतो, आणि त्याच्या आजाराचा सगळा भार उरलेल्या दोघांवर पडतो. पेन्शनची रांग दारापर्यंत गेलेली असते आणि जेवायला उठता येत नाही. विश्वास ठेवावा हे मान्य आहे, पण त्या विश्वासाची किंमत साहेब देत नाहीत, शेजारचा सहकारी देतो. शेवंती यांना "झाली का विश्रांती?" असे विचारणाऱ्यानेही कदाचित ते चार दिवस दोघांचे काम केले असेल. त्याचे शब्द चुकलेच. तरीही त्याच्या थकव्याची दखल कोणी घेतली होती का?

शेवंती

आडवाट, तुमचा प्रश्न लागला, आणि योग्य ठिकाणी लागला. माझे काम तोच करत होता. मी परत आल्यावर त्याचे आभार मानले नाहीत, हे आत्ता लिहिताना लक्षात आले.

सदाफुली

मी कोथरूड भागात जनरल प्रॅक्टिस करते. प्रमाणपत्राविषयी लिहिते, कारण त्या कागदासाठी माझ्या दवाखान्यात रोज माणसे बसलेली असतात.

एका दिवसाच्या तापासाठी प्रमाणपत्र मागितले जाते, तेव्हा ज्याने अंथरुणात पडून राहायला हवे तो तासभर माझ्या बाकावर, इतर रुग्णांच्या मध्ये बसतो. त्याला फ्लू असेल तर तो तिथे वाटून जातो. दुसरे असे, की पुष्कळ आजार मला दिसत नाहीत. अर्धशिशी, पाळीच्या वेदना, पहाटेपर्यंत झोप न लागणे, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी यांपैकी काहीच स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही. मी रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवते आणि लिहून देते. म्हणजे साहेबांनी जो विश्वास थेट ठेवायचा, तो ते माझ्या शिक्क्यामार्फत ठेवतात आणि त्याचे शुल्क आजारी माणूस भरतो.

खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांविषयी कोणी लिहिण्यापूर्वी मीच सांगते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंदवही ठेवावी लागते, तिच्यात रुग्णाची ओळखखूण लिहावी लागते, आणि खोटे प्रमाणपत्र देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. तरीही असे कागद मिळतात, हे मला माहीत आहे आणि त्याची लाज वाटते. पण एका दिवसासाठी कागद मागण्याची प्रथा बंद झाली, तर त्या धंद्याचा मोठा भाग आपोआप बंद होईल.

रूळवाट

रेल्वेत याची पद्धत वेगळी आहे. आमच्याकडे "सिकमध्ये गेला" आणि "फिट होऊन आला" हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. रेल्वेच्या डॉक्टरांकडे जाऊन सिक व्हायचे आणि त्यांनीच फिट दिल्यावर ड्युटीवर हजर व्हायचे. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत ही कडक तपासणी हवीच, कारण मागे हजारो प्रवासी असतात. माझे वडीलही रेल्वेत होते. त्यामुळे आमच्या घरी शाळा बुडवायची असली, की आई विचारायची, "सिक आहेस का? मग फिट कोण देणार?" आणि मी दप्तर उचलून निघायचो.

नेकारकाठ

मी अकरा वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नोकरी करतो. येथील नियम थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी कामाची वेळ सुरू होण्यापूर्वी किंवा सुरू होताच कळवणे बंधनकारक आहे. आजार तीन दिवसांहून अधिक लांबला तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, मात्र मालकाला ते आधीही मागता येते. सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण वेतन मालक देतो आणि त्यानंतर आरोग्य विमा ढोबळ वेतनाच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम देतो. २०२३ पासून प्रमाणपत्र कागदावर नेऊन द्यावे लागत नाही, मालक ते विमा संस्थेकडून संगणकावर मिळवतो. त्यावर आजाराचे नाव नसते. काय झाले आहे हे साहेबांना सांगण्याचे बंधन माझ्यावर नाही.

येथे आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मी खोकत खोकत कामावर गेलो होतो. माझी निष्ठा दिसावी, असे मला वाटत होते. गटप्रमुख बाईंनी मला दारातच थांबवले आणि "तुम्ही आजारी आहात, घरी जा, आमच्या सहा जणांना हे देऊ नका" असे सांगितले. मला तो अपमान वाटला आणि मी घरी जाऊन आईला फोनवर तसे सांगितलेही. तो शिष्टाचार होता, हे समजायला मला दोन वर्षे लागली. येथेही आजारपणाचे दिवस वाढल्याची तक्रार उद्योग करतात आणि पहिल्या दिवसाचे वेतन बंद करावे अशी मागणी अधूनमधून पुढे येते, त्यामुळे सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही.

तांबडफुटी

नेकारकाठ, सहा आठवडे पूर्ण वेतन हे वाचून मी खुर्ची मागे सरकवली. आपल्याकडे कायद्याने आजारपणाची रजा नक्की किती मिळते, हे कोणी सांगू शकेल का? मला स्वतःच्या नियुक्तिपत्राबाहेरचे काही ठाऊक नाही.

मधुमालती

तांबडफुटी, मी कामगार संघटनेच्या कार्यालयात काम करते, म्हणून उत्तर देते. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठीचा २०१७ चा कायदा आहे. त्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा दिलेली आहे. ती तिमाहीने खात्यावर जमा होते आणि वापरली नाही तर वर्षाअखेर बुडते. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा त्या कायद्यात नाही. तुमच्या नियुक्तिपत्रात ती असेल तर ती कंपनीने स्वतः दिलेली आहे. म्हणजे ताप, मुलाची शाळा, वीजमंडळाचे काम आणि भाचीचे लग्न या सगळ्यांना तेच ८ दिवस पुरवायचे असतात. काकांनी सांगितलेल्या खोटेपणाचे एक मूळ मला येथेही दिसते.

कमी वेतनाच्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. २०१७ पासून तिची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. तिच्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या ठरावीक दीर्घ आजारांमध्ये ही मदत वाढीव दराने, म्हणजे ८० टक्के, आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. हा लाभ सुरू असताना कामगाराला कामावरून काढता येणार नाही, अशी तरतूद १९४८ च्या मूळ कायद्यातच होती. पण यासाठी मालकाने नाव नोंदवून वर्गणी भरलेली असावी लागते. कंत्राटदाराकडची कितीतरी माणसे माझ्याकडे येतात, त्यांच्या वेतनातून वर्गणी कापलेली असते आणि विमा क्रमांक विचारला तर ती गप्प होतात. आपला क्रमांक आजच मागून घ्या, आजारी पडल्यावर तो शोधण्याचे त्राण नसते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. रात्रीच्या पाळीला तीस खाटांना आम्ही दोघी असतो. मी आले नाही, तर सकाळपासून उभी असलेली मैत्रीण पुढचे बारा तासही उभी राहणार, हे मला माहीत असते. माझ्यावर आजवर कोणी संशय घेतलेला नाही, तरीही फोन उचलताना हात जड होतो. आडवाट यांनी लिहिले ते खरे आहे. फक्त त्याचा दोष मी आजारी मैत्रिणीला देत नाही. तिसरी परिचारिका का नेमली जात नाही, हे मी विचारते.

आडवाट

रात्रपाळी, हे मान्य करतो. आमच्याकडे चौथे पद २०१९ पासून रिकामे आहे. मी रागावत होतो तो डिसेंबरच्या सहकाऱ्यावर.

बाभूळवन

आतापर्यंतची चर्चा पगारदारांची झाली, म्हणून बीड जिल्ह्यातून लिहितो. आमच्या गावातून दिवाळीच्या सुमारास निम्मी घरे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. एक दिवस फडात गेले नाही तर तो खाडा. खाड्याची मजुरी जाते ती वेगळीच, वर दंड उचलीच्या हिशेबात चढतो. कोयता दोघांचा असल्यामुळे बाईला ताप आला तर नवऱ्याचाही दिवस बुडतो.

पाळीच्या दिवसांत, अंगावर जात असताना, पहाटे अंधारात मोळ्या उचलायच्या आणि गाडी भरायची. तिथे रजेचा निरोप कोणाला पाठवायचा? हे खाडे चुकवण्याची धडपड आणि खासगी डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची भीती, यांतून तरुण बायकांनी गर्भाशये काढून घेतली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. माझी एक चुलती त्या आकड्यात असावी. तिशीच्या आत तिचे ऑपरेशन झाले. आता चाळिशीत तिला पाण्याची घागर उचलवत नाही, आणि ती अजूनही फडात जाते.

सदाफुली

बाभूळवन, तुमच्या चुलतींना कंबरदुखी आणि हाडांचा ठिसूळपणा यांसाठी जिल्हा रुग्णालयात जरूर दाखवा. अंडाशयेही काढली असतील, तर इतक्या लहान वयात हाडे लवकर झिजतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने काही प्रमाणात उपयोग होतो. शस्त्रक्रियेचे कागद मिळाले तर सोबत न्या.

बाभूळवन

कागद पत्र्याच्या पेटीत आहेत. या महिन्यात तिला घेऊन जातो.

तांबडफुटी

"खाडा" हा शब्द वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन आले. आमच्या कालनिर्णयावर पोळ्या करणाऱ्या मावशींच्या खाड्यांच्या फुल्या आहेत. या महिन्यात चार आहेत. त्यातल्या दोन दिवशी त्यांनी फोनवर "ताप आहे" असे सांगितले होते आणि मी "उद्या तरी याल ना?" असे विचारले होते. "लॅपटॉप जवळ ठेव" म्हणणाऱ्या माणसाविषयी मी याच धाग्यावर सर्वांत आधी तक्रार केली आहे. महिन्याला किती पगारी सुट्ट्या द्याव्यात, याचा इथे कोणाकडे काही प्रघात आहे का?

मधुमालती

आमच्या इमारतीत आम्ही काही घरांनी मिळून ठरवले आहे. आठवड्याला एक सुट्टी, आणि त्याशिवाय वर्षाला बारा पगारी आजारपणाचे दिवस. कारण विचारायचे नाही. सुरुवातीला काहींना वाटले, की बारा दिवस पहिल्या दोन महिन्यांतच संपतील. आमच्या मावशींनी गेल्या वर्षी सात घेतले, त्यातले पाच नातवाला डेंग्यू झाला तेव्हा.

लोहभट्टी

विषय पुष्कळ फिरून आला, आता मूळ प्रश्नाकडे येतो. शेवंतीताई, त्या सोमवारच्या मुलाला तुम्ही शेवटी काय उत्तर दिले, ते लिहायचे राहिले. माझे उत्तर असे असायचे, "बरं, विश्रांती घे. आजचं काम कोणाकडे देऊ, तेवढं सांग." कारखान्यात मला एवढीच माहिती खरोखर लागत होती. ताप किती आहे हे कळून मी करणार काय होतो? एखादा माणूस सतत गैरहजर राहू लागला, तर तो कामावर आल्यावर त्याला एकट्याला चहाला न्यायचो आणि घरचे विचारायचो. त्यात एकाची दारू निघाली, एकाच्या बायकोचे डायलिसिस निघाले. फोनवर विचारून या दोन्ही गोष्टी मला कधीच कळल्या नसत्या.

शेवंती

काका, मी "काळजी घे, आजचे काम मी पाहते" असे लिहिले. तो बुधवारी आला. त्याला काय झाले होते हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही, त्यामुळे तो खरोखर आजारी होता की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. तुमच्या सल्ल्याप्रमाणे पुढच्या वेळी कामाचेही विचारेन. रात्रपाळी आणि आडवाट यांचे वाचून आज दुपारी मी सहाही जणांसोबत बसले. प्रत्येक कामाला दुसरा माहीतगार कोण, हे आम्ही लिहून काढले. दोन कामांना कोणीच निघाले नाही. ती दोन्ही माझी होती.

चिकुनगुन्याच्या वेळी माझे काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला मी आज फोन केला. त्या चार दिवसांत त्याच्या मुलीची परीक्षा होती आणि तो रोज रात्री दहाला घरी जात होता, असे त्याने सांगितले.

आमच्या रजेच्या अर्जात "आजाराचे स्वरूप" असा एक रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तो काढून टाकावा, असे मी आज एचआरला लिहिले आहे. उत्तर आले की इथे कळवते.